वाचक विचारतात : प्लेटोच्या काळचा ‘थ’

प्रश्न (नेरूळ, नवी मुंबई) : आम्ही चौघं रविवारी प्लेटो मूळ ग्रीकमधून वाचतो. थीटा आणि फाय ही अक्षरं एकजण इंग्रजीसारखी उच्चारतो, दुसरा आजच्या ग्रीकांसारखी. बरोबर कोण?

उत्तर : अथेन्सची ॲटिक बोली, इसवी सनापूर्वीचं पाचवं-चौथं शतक, असं धरलं तर दोघंही चुकतात. ते सरळ आपले थ आणि फ. खाय (χ) हे अक्षर म्हणजे ख. पुरावा शाळेतल्या ‘कॅथोड’मध्येच आहे : ‘कता’ (खाली) अधिक ‘होदोस’ (वाट). मधला स्वर गळला, त् ला ह चिकटला आणि ग्रीकांनी तिथे थीटा लिहिला. संस्कृत येत असेल तर ‘दधामि’ आठवा. तिथे पहिल्या ध चा द झालाय, ग्रीक ‘तिथेमि’त (अर्थ तोच, ‘ठेवतो’) पहिल्या थ चा त, कारण लागोपाठ दोन महाप्राण दोन्ही भाषांना नको होते.

मराठी जिभेला थ, ख सोपे. घोटाळा होतो फ चा, कारण हल्ली आपण ‘फळ’सुद्धा दात ओठाला टेकवून म्हणतो. कागदाचा कपटा ओठांपासून चार बोटांवर धरा, दोन्ही ओठ पूर्ण मिटा आणि ‘प’, ‘फ’ म्हणा. प ला कपटा जेमतेम हलेल, फ ला झटक्यात उडेल. नुसती सुरसुर आली तर ओठ मिटले नव्हते.

स्वरांकडे मात्र जास्त लक्ष द्या. मराठीत ऱ्हस्व ए-ओ वेगळे नाहीत, त्यामुळे एप्सिलॉन आणि एटा आपल्या तोंडी एकच होतात आणि पद्य वृत्तात बसत नाही. एप्सिलॉनला एक मात्रा. एटाला दोन, तोंड जास्त उघडून. अथेन्सचा विनोदी नाटककार क्रातिनोस याच्या एका ओळीत मूर्ख माणूस मेंढीसारखा ‘बॅऽ बॅऽ’ करत चालतो, ते एटानं लिहिलंय. आजच्या ग्रीक उच्चारात ती मेंढी ‘वी वी’ ओरडेल! उप्सिलॉन या स्वरासाठी ओठ ‘ऊ’चे, जीभ ‘ई’ची, दोन्ही एकाच वेळी, मागेपुढे झालं की ‘यू’ होतो. शेवटचा इकार दीर्घ करायची आपली सवयही सोडा : ‘तिथेमि’तला ‘मि’ ऱ्हस्वच.

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : शब्दांवरच्या आघातचिन्हांवर जोर द्यायचा का?

उत्तर : जोर नाही, सूर. हालिकार्नासोसचा दिओनिसिओस हा प्राचीन ग्रीक लेखक सांगतो की बोलण्यातला चढ साधारण पंचमाइतका, त्याहून वर नाही. पेटीवर सा आणि प धरा. उजवीकडे चढणारी तिरकी रेघ असेल तिथे सूर वर न्यायचा. वळणदार खूण फक्त दीर्घ स्वरावर येते : पहिल्या मात्रेला वर, दुसरीला खाली.

आधी पूर्ण वाक्य एकाच सुरात, हातानं मात्रा मोजत म्हणा. मात्रा पक्क्या झाल्यावरच चढ घाला, नाहीतर सूर चढवताना स्वरही लांबतो. या सुरांवर अर्थ अवलंबून असायचा. इ.स.पू. ४०८ मध्ये एउरिपिदेसच्या ‘ओरेस्तेस’ नाटकात हेगेलोखोस हा नट ‘गालेन’ शब्दाचा सूर चुकला आणि वादळानंतर ‘शांत समुद्र’ दिसण्याऐवजी मुंगसासारखा प्राणी दिसला. तीन वर्षांनी आरिस्तोफानेसनं ‘बेडूक’ नाटकात त्याची टर उडवली.

प्रश्न (वाशी, नवी मुंबई) : अथेन्सच्या शिलालेखाच्या फोटोत ‘एदोक्सेन’ (‘ठरलं’) ऐवजी ‘एदोख्सेन’ कोरलंय. कोरणाऱ्याची चूक का?

उत्तर : नाही, ती जुनी ॲटिक वर्णमाला. तिच्यात क्साय (क्स) आणि प्साय (प्स) ही अक्षरं नव्हती. त्यांच्या जागी ख्+स, फ्+स लिहीत. एटा आणि ओमेगाही (दीर्घ ओ) नव्हते, म्हणून ‘देमोस’ (जनता) मधला दीर्घ ए एप्सिलॉननंच लिहिलेला दिसेल. रोमन एचसारखं अक्षर तेव्हा ‘ह’साठी होतं. पूर्वेकडच्या आयोनियन बोलीत ‘ह’ उरलाच नव्हता, त्यामुळे तिकडे ते अक्षर एटा झालं. अथेन्सनं ही आयोनियन वर्णमाला अधिकृतपणे घेतली ती इ.स.पू. ४०३-४०२ मध्ये, एउक्लेइदेस आर्खोन (वर्षाचा मुख्य अधिकारी) असताना. फोटोवरून काळ ठरवणार असाल तर मात्र जपून : खासगी लेखांत आयोनियन अक्षरं त्याआधीच डोकावू लागली होती.