रील : तो, ती की ते?

प्रश्न असा आलाय, थोडक्यात देतो: "मी म्हणते 'ती रील बघितलीस का', नवरा म्हणतो 'तो रील', आणि सासूबाई सरळ 'ते रीळ' म्हणतात तेव्हा आम्ही दोघं हसतो. बरोबर कोण? आणि मग मीम, डीपी, ओटीपी वगैरेंचं काय?"

ताई, आधी थेट उत्तर. तिघंही मराठीच बोलताय, चूक कोणाचीच नाही. पण सासूबाईंना हसू नका, कारण तिघांत सगळ्यात भक्कम बाजू त्यांचीच आहे. कशी ते जरा सविस्तर सांगतो, हा शब्द माझा फार लाडका आहे.

रीळ हा शब्द इंग्रजीतून आला हे खरं, पण तो मोबाईलमधून आला नाही, दोऱ्यातून आला. शिलाई मशीनवर लावतात ते रीळ, साडीला फॉल लावायचा तर मॅचिंग रीळ आणायला कोणाला तरी दुकानात पिटाळायचं, आणि ते हमखास दोन शेड गडद आणायचं म्हणजे परत पिटाळायचं. मग कॅसेट आली, तिचं रीळ बाहेर यायचं आणि पेन्सिल घालून ते आत गुंडाळत बसायचं. आणि या सगळ्याबरोबर सिनेमाची रिळं तर होतीच. दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र १९१३ साली आला तो चार रिळांचा. पुढे बोलपट लांबत गेले, गाणी वाढली, आणि पंधरा-सोळा रिळांचा सिनेमा ही नेहमीची गोष्ट झाली. ज्यांनी थिएटरात जुने सिनेमे पाहिलेत त्यांना आठवेल, सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट पडद्यावर यायचं, त्यावर रिळांचा आकडा असायचा, आणि ते काही सेकंदच दिसायचं तरी कोणीतरी मागून ओरडायचंच, "अठरा रिळं आहेत रे!" म्हणजे पैसे वसूल. गावच्या जत्रेत तंबूतल्या टॉकीजला बहुतेक एकच प्रोजेक्टर, त्यामुळे एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत अंधार आणि शिट्ट्या, आणि मधेच रीळ तुटलं तर विचारूच नका.

आता यात भाषेच्या अंगाने गंमत बघा. मराठी माणसाने नुसता शब्द घेतला नाही, त्यातल्या ल चा ळ केला, जसं हॉस्पिटलचं इस्पितळ झालं तसं. ळ लागला की समजायचं पाहुणा आता घरचा झाला. आणि त्याला नपुंसकलिंग देऊन टाकलं: ते रीळ, ती रिळं, रिळाला, रिळांमध्ये. सगळी रूपं व्यवस्थित चालतात, कुठे अडत नाही.

मग २०२० उजाडलं. जूनच्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं, सुरुवातीला फक्त पंधरा सेकंदांचं. मला हा हिशोब करायला भारी आवडतं: पस्तीस एमएमची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते, हजार फुटांचं एक रीळ साधारण अकरा मिनिटं चालतं, म्हणजे इन्स्टाचं ते पहिलं पंधरा सेकंदांचं रील फिल्मवर काढलं असतं तर साडेबावीस फूट भरलं असतं. नाव तेच, आणि आत काही गुंडाळलेलंही नाही! पण शब्द टिकला. नवीन पिढीला मात्र तो शिंप्याकडून किंवा टॉकीजमधून न मिळता थेट स्क्रीनवरून मिळाला, रोमन अक्षरात आणि बहुतेक वेळा हिंदी बोलणाऱ्या कोणाच्या तरी तोंडून, आणि हिंदीत 'रील बनाई', म्हणून मराठीत 'रील बनवली'. तुमची 'ती' आली ती बहुधा या वाटेने.

पण नुसतं हिंदीवर ढकलून चालणार नाही, मराठीला स्वतःचंही कारण आहे. बाहेरचा शब्द आला की आपण त्याचं मूळ लिंग विचारायला जात नाही, त्याच्यासारखं काम करणारा आपल्याकडे आधीपासून कोण आहे ते बघतो आणि त्याच्या शेजारी नेऊन बसवतो. गाडी स्त्रीलिंगी म्हणून बस, ट्रेन, कार, बाईक, रिक्षा सगळ्या 'ती'. तो ट्रक आणि तो टेम्पो मात्र पुल्लिंगी, आता यामागे आकार की आवाज की शेवटचा स्वर यावर लोक तासन् तास भांडू शकतात. तर रीलच्या आजूबाजूला कोण आहेत? पोस्ट ती, स्टोरी ती, क्लिप ती, बातम्यांमधली चित्रफीत पण ती. त्यांच्यात रील 'ती' होणं साहजिक आहे. तुमच्या नवऱ्याच्या डोक्यात मात्र शेजारी व्हिडिओ आहे, तो व्हिडिओ, तो फोटो, तो सिनेमा, म्हणून तो रील. म्हणजे भांडण लिंगाचं नाहीच, रीलला तुम्ही दोघं मनात कोणाशेजारी बसवता त्याचं आहे.

कधी कधी अर्थ बाजूला राहतो आणि शब्दाचा शेवट ठरवतो. पोर्तुगीज भाषेत बटाटा स्त्रीलिंगी आहे, पण मराठीत शेवटी आ आला म्हणजे घोडा, आंबा, रस्ता यांच्या रांगेत, म्हणून तो बटाटा. बादलीचं उलट, त्यांच्याकडे मूळ शब्द पुल्लिंगी, आपल्याकडे शेवटी ई आली म्हणून ती बादली. फारसीतून आलेलं दुकान हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत ते दुकान. इतकी शतकं आपण हे बिनधास्त करत आलोय आणि कोणाचं काही अडलं नाही, तेव्हा रीलवरून घरात अबोला नको.

आता अनेकवचनाकडे या, कारण खरी परीक्षा तिथे होते. मराठीत सायकलच्या सायकली होतात, फाईलच्या फायली, पेन्सिलच्या पेन्सिली. मग 'ती रील' म्हणणाऱ्यांनी नियमाने 'रिली' म्हणायला हवं ना? म्हणून बघा मोठ्याने, "रात्रभर रिली बघत बसली". जमत नाही. मी तरी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. सगळे गुपचूप इंग्रजी अनेकवचनाकडे जातात, रील्स. आणि एकदा रील्स म्हटलं की पुढे 'रील्समुळे', 'रील्सच्या नादात', 'दिवसभर रील्सच' असं सगळं चालू, आणि मग काही जण एका व्हिडिओलाही 'एक रील्स पाठवलंय बघ' म्हणतात, जसं चिप्सचं झालं आणि शूजचं झालं.

'ते' म्हणणाऱ्यांना हा त्रास नाही. हॉटेलं, टेबलं, बिलं, तिकिटं, बटणं, तसंच रिळं. म्हणून माझं मत विचाराल तर मी 'ते रील' म्हणतो आणि अनेकवचनी बिनदिक्कत 'रिळं' म्हणतो. "झोपायच्या आधी रिळं बघत बसू नकोस" हे वाक्य कानाला किती सरळ लागतं! आणि त्यात शिंपी, कॅसेट, टॉकीज सगळं आपोआप येतं. मला वाटतं हा शब्द आपण हातचा घालवू नये.

बाकीच्यांचं पटापट. ओटीपी: शेवटी ई आहे म्हणून स्त्रीलिंगी व्हायला हवा होता, पण लोकांनी 'नंबर' धरला, म्हणून तो ओटीपी, "ओटीपी आला का?" हे वाक्य तर घराघरात दिवसातून चारदा. स्टेटस बहुतेक जण 'ते' म्हणतात, आणि गावाकडे तर स्टेटसला ठेवतात, स्टेटसवर नाही, ती चतुर्थी मला फार गोड वाटते.

डीपी हा मात्र माझ्या मते या सगळ्यांचा राजा आहे. व्हॉट्सॲपवरचा डीपी पुल्लिंगी, कारण तो फोटो. पण शेतकऱ्याला विचारा, त्याच्यासाठी डीपी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर आणि खालची ती पेटी, आणि ऐन पिकाला पाणी द्यायच्या वेळी जळते ती डीपी. "डीपी जळाली" असंच बरेच जण म्हणतात. आणि नगरपालिकेच्या हद्दीत प्लॉट घेतलेल्या माणसाला विचारा, त्याचा डीपी म्हणजे विकास आराखडा, त्यातून रस्ता जातो की नाही या काळजीत तो असतो. म्हणजे "डीपी बदलला" आणि "डीपी बदलली" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, पहिल्यात नवा फोटो लागलाय नाहीतर प्लॉटवर रस्ता आलाय, दुसऱ्यात सगळ्या शिवारात मोटारी चालू झाल्यात. लिंगाचा मराठीत काय उपयोग असं कोणी विचारलं की मी हेच उदाहरण देतो.

क्रियापदाबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण सांगतोच. 'रील बनवणे' हिंदीच्या वळणाचं आहे, चालतं, पण आपल्याकडे फोटो काढतात, व्हिडिओ काढतात, तर रील काढायला काय हरकत आहे? आणि काढून झालं की टाकतात. 'टाकणे' तर मला एकदम पसंत आहे, पत्र पेटीत टाकायचो त्याच क्रियापदाने आता रील इन्स्टावर टाकतोय आणि कोणालाही ते शिकवावं लागलं नाही.

राहिलं मीम. हा शब्द रिचर्ड डॉकिन्स या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञांनी १९७६ साली घडवला, ग्रीकमधल्या अनुकरणाच्या शब्दावरून, माणसाकडून माणसाकडे नक्कल होत पसरणारी कल्पना अशा अर्थाने, तेव्हा मोबाईलवरच्या विनोदांचा काही संबंध नव्हता. मराठीत मी 'ते मीम' जास्त ऐकतो, 'भारी मीम होतं ते', शेजारी चित्र आहे म्हणून असेल. आणि तिकीट-तिकिटं, रीळ-रिळं या चालीवर मीमचं अनेकवचन 'मिमं' व्हायला काहीच अडचण नाही. वापरून बघा आणि घरी तिघांना कसं वाटतं ते कळवा, विशेषतः सासूबाईंना.