झोपेतले श्वास मोजा
तुमच्या वयस्कर कुत्र्याच्या हृदयाची झडप गळत असल्याचे निदान ऐकून तुम्ही धास्तावला असाल, हे मी समजू शकते. तरीही योग्य औषधांवर असे अनेक कुत्रे बराच काळ समाधानाने जगतात. सर्वांत आधी एक सवय लावून घ्या: तो गाढ झोपलेला असताना छातीची हालचाल पाहून मिनिटाला किती श्वास होतात ते रोज मोजा आणि वहीत लिहा. हा आकडा साधारणपणे 30 च्या आत असतो. तो सातत्याने त्यावर जाऊ लागला, तर फुप्फुसांत पाणी साठत असण्याची शक्यता असते, म्हणून त्याच दिवशी पशुवैद्यांना कळवा. हिरड्या निळसर किंवा पांढुरक्या दिसल्या, तो धापा टाकू लागला किंवा कोसळला, तर मात्र क्षणभरही थांबू नका.

पिमोबेंडान हे हृदयाला बळ देणारे औषध जेवणाआधी सुमारे तासभर द्यावे. फ्युरोसेमाइड या शरीरातले जादा पाणी बाहेर काढणाऱ्या औषधामुळे लघवी आणि तहान दोन्ही वाढतात. घरात लघवी झाली म्हणून पाणी कधीही तोडू नका, त्याला अधिक वेळा बाहेर न्या. तो बरा दिसतो म्हणून गोळ्या स्वतःहून कमी करणे मला सर्वांत घातक वाटते. खारट खाऊ बंद करा आणि फिरण्याचा वेग त्यालाच ठरवू द्या.