‘वापस’ आलेला फॉर्म

महाडीबीटीवरचे, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचे, अर्ज कॉलेजच्या लॉगिनला तपासून व्हायला लागले की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकच प्रश्न येतो, ‘मॅडम, फॉर्म चुकला. शिष्यवृत्ती गेली का?’

परवाचा मुलगा पाथरीकडचा, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचा. पहिल्या दोन भेटींत ‘अभ्यासात मन लागत नाही’ एवढंच. तिसऱ्या भेटीत उठता उठता म्हणाला, ‘फॉर्म वापस आला.’

‘कधी?’

‘तीन आठवड्यांखाली.’

‘मग दुरुस्त केलास?’

‘वापस आल्यावर काय दुरुस्त करायचं, मॅडम?’

पोर्टलवरचं ‘सेंट बॅक’ म्हणजे दुरुस्तीसाठी परत, नामंजूर नव्हे, हे माझ्या ओठावर आलं होतं. आवरलं. इतक्या वर्षांत एवढं कळलंय, की माणूस घटनेला नाही, तिला लावलेल्या अर्थाला घाबरतो. म्हणून विचारलं, ‘तुमच्या घरी आजवर काय काय वापस आलं?’

तो पुन्हा बसला. अण्णांची पीककर्जाची फाईल. मग विहिरीचा अर्ज. काय कमी होतं ते कुणी सांगितलं नाही, अण्णांनीही विचारलं नाही. कागद पत्र्याच्या पेटीत गेले. त्या घरात वापस येणं म्हणजे विषय संपणं. हे सापडलं तिथंच अर्धं काम झालं, असं मी मानते.

मग म्हटलं, काढ मोबाईल. त्यानं स्थितीचा तेवढा शब्द वाचला होता, खालचा शेरा उघडलाच नव्हता. शेरा एका ओळीचा: उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपली आहे.

‘एवढंच?’ त्यानं दोनदा वाचलं.

एवढंच. तलाठ्याचा अहवाल घ्यायचा, सेतू केंद्रातून तहसीलदारांचा नवा दाखला काढायचा, तो चढवून मुदतीच्या आत अर्ज पुन्हा पाठवायचा. आणि शिष्यवृत्तीच्या क्लार्कला तोंडानं सांगायचं, कारण अर्ज आधी त्यांच्याच टेबलावर येतो. ‘रिजेक्टेड’ दिसलं तरी आधी शेरा वाचावा, रडणं नंतर. राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजनेला उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे, त्यामुळे आकडा लपवायची किंवा लाजायची गरज बहुतेकांना नसतेच. एक गोष्ट मात्र पोरं हमखास विसरतात. पैसे पासबुक दाखवलेल्या खात्यात नव्हे, आधारला जोडलेल्या, म्हणजे ‘सीडिंग’ झालेल्या, खात्यात जातात. दोन-तीन खाती असतील तर बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग कोणत्या खात्याला आहे?’ असंच विचारायचं. ‘लिंक आहे का’ विचारलं की ‘हो’ म्हणून मोकळे होतात.

पुढच्या आठवड्यात तो पावती दाखवायला आला. दारात आणखी कुणीतरी उभं होतं, टोपी हातात, काखेत प्लॅस्टिकची पिशवी.

‘अण्णांनी विहिरीची फाईल आणलीय. काय कमी होतं, बघता का?’

हे काही माझं काम नव्हे. मी चष्मा लावला.