आधी बोला, मग सही करा

प्रिय मैत्रीण,

आई जाऊन तीन महिने होत नाहीत तोच दादा येऊन मोबाइलवर खोल्यांचे फोटो काढायला लागला. आईच्या औषधांच्या वेळा लिहिलेला कागद तेव्हा भिंतीवर तसाच होता. हे वाचून मलाही गलबलून आलं. आठ वर्षं आईचं सगळं तुम्ही केलंत, त्यापायी बढती नाकारलीत. आता दादा आणि धाकटी म्हणतात, घर विकून तीन सारखे वाटे करू. मृत्युपत्र नाही, वकीलही सारखाच हिस्सा सांगतात. ‘मग मी केलं त्याचं काय?’ असं तुम्ही विचारलंय.

स्पष्ट सांगते, केलेल्या सेवेचा जादा वाटा कायदा आपणहून देत नाही. पण तिघं राजी असाल तर वाटणी वेगळीही करता येते. आजारपणात तुमच्या पदरचे गेलेले पैसे आधी बाजूला काढून उरलेल्याचे तीन भाग करता येतील, किंवा तुम्हाला थोडा जास्त हिस्सा देता येईल. मात्र ते तुम्हालाच मागावं लागेल. ‘त्यांना कळायला नको का?’ असं तुम्ही दोनदा लिहिलंय. लांब राहणाऱ्याला तुमची जागरणं दिसलेली नाहीत हो. उलट, ही इतकी वर्षं भाडं न देता राहिली, असंही दादाच्या मनात असू शकतं. तो तसं बोललाच तर उठून जाऊ नका, ऐकून घ्या आणि मग खर्चाच्या पावत्या समोर ठेवा.

त्याआधी एकटीने बसून ठरवा, तुम्हाला घर हवंय की तुमच्या कष्टांची दखल? घर हवं असेल तर तिघांना मान्य असलेल्या त्रयस्थ मूल्यांककाकडून किंमत काढून घ्या आणि त्या दोघांचे हिस्से देण्याइतकं कर्ज तुम्हाला झेपेल का ते बँकेत विचारा. हप्त्यांबरोबर कर आणि दुरुस्तीही तुमच्याच अंगावर येणार, हे धरून चाला. घर नको असेल तर दुसरी जागा मिळेपर्यंतची मुदत मागा, तारखेसकट.

‘तूर्त तिघांच्या नावावर राहू दे’ हा धाकटीचा तोडगा मला पटत नाही. छत गळलं की पैसे कोणी द्यायचे इथपासून वाद सुरू होतात, आणि पुढे तुमच्या मुलांना एकेका सहीसाठी एकमेकांच्या मागे फिरावं लागतं.

दादाने पाठवलेल्या हक्कसोडपत्रावर ‘पैशांचं नंतर बघू’ एवढ्या बोलीवर सही करू नका. एकदा नोंदणी झाली की ते फिरवणं फार अवघड असतं. आधी कोणाला किती, कधी आणि कसे मिळणार हे लिहून तिघांच्या सह्या होऊ द्यात. तो मसुदा दादाच्या नव्हे, तुमच्या स्वतःच्या वकिलाला दाखवा.