टोरंटो विद्यापीठातून शिकलेली माणसं: १९१६ च्या एका वर्गापासून सांगते

तुम्ही विचारलंय की भाचीला टोरंटो विद्यापीठात प्रवेश मिळालाय, घरात हार्वर्ड-ऑक्सफर्ड सोडून दुसरं नाव कोणी ऐकलेलं नाही, तर इथून शिकून नाव काढलेली माणसं कोण?

मी मूळची सोलापूरची, बारा वर्षं टोरंटोत राहते. या विद्यापीठात मी शिकलेले नाही. पण कामावर जायला रोज क्वीन्स पार्क स्टेशनला उतरते. जिना चढून वर आलं की एका बाजूला हॉस्पिटलं आणि दुसऱ्या बाजूला विद्यापीठाच्या इमारती. डबा खाऊन झाला की तिथेच एक फेरी मारायची सवय लागली, आणि भिंतींवरच्या पाट्या वाचता वाचता मी या माणसांच्या मागेच लागले.

विद्यापीठ १८२७ सालचं. आज तीन कॅम्पस मिळून लाखाच्या आसपास विद्यार्थी शिकतात. एवढ्या मोठ्या जागेतून गेलेल्यांची यादी कोणालाही काढता येईल, पण यादी वाचून तुमच्या घरच्यांना काही वाटणार नाही. म्हणून ज्या दोघांचं माझ्या स्वतःच्या घराशी आणि गावाशी नातं आहे, त्यांच्यापासून सुरुवात करते. हे दोघे एकाच वर्गात होते.

पहिलं महायुद्ध चालू होतं, फौजेला डॉक्टरांची निकड होती. त्यामुळे मेडिकलची जी बॅच १९१७ मध्ये बाहेर पडायची, तिला घाईघाईने डिसेंबर १९१६ मध्येच पदव्या देऊन टाकल्या. त्या बॅचमध्ये फ्रेडरिक बँटिंग होता आणि नॉर्मन बेथूनही होता.

बँटिंग ॲलिस्टन नावाच्या गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा. आधी आर्ट्सला गेला, तिथे पहिल्याच वर्षी नापास झाला. मग १९१२ मध्ये मेडिकलला प्रवेश घेतला. युद्धात हाताला जखम झाली, शौर्यपदक मिळालं. परत येऊन कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्याच लंडन नावाच्या शहरात जुलै १९२० मध्ये दवाखाना उघडला, तर पहिल्या महिन्याची कमाई झाली चार डॉलर. पोटासाठी तो जवळच्या कॉलेजात शिकवायला लागला. स्वादुपिंडावरच्या तासाची तयारी करून झोपला असताना, ३१ ऑक्टोबर १९२० च्या पहाटे दोनच्या सुमाराला उठून त्याने वहीत एक कल्पना खरडली: स्वादुपिंडातून मधुमेहावर चालेल असा अर्क काढायची. त्या टिपणात 'डायबिटीस' या शब्दाचं स्पेलिंगही चुकलेलं आहे. मधुमेहातला तो तज्ज्ञ नव्हताच.

ती कल्पना घेऊन तो आपल्या जुन्या विद्यापीठात आला. प्राध्यापक मॅक्लिऑड यांना फारशी आशा नव्हती, तरी त्यांनी १९२१ च्या उन्हाळ्यात प्रयोगशाळा, काही कुत्रे आणि मदतीला एक विद्यार्थी दिला. मदतनीस म्हणून दोन मुलं तयार होती. आधी कोण जाणार हे त्यांनी नाणं उडवून ठरवलं आणि चार्ल्स बेस्टचा नंबर लागला. बेस्ट त्याच वर्षी इथूनच बी.ए. झालेला, बावीस वर्षांचा. नंतर जेम्स कॉलिप आले, तेही इथलेच पीएच.डी. अर्क शुद्ध करण्याचं सगळ्यात अवघड काम त्यांनी केलं.

११ जानेवारी १९२२ ला टोरंटो जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. मुलाचं वजन तीस किलोही नव्हतं. तेव्हा मधुमेही मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवून घ्यायचे, एवढाच उपचार होता. पहिलं इंजेक्शन फसलं, सुई टोचली तिथे गळू झालं. बारा दिवसांनी कॉलिपने शुद्ध केलेला अर्क दिला आणि साखर उतरली. हा अर्क म्हणजेच इन्शुलिन. तो मुलगा पुढे १९३५ पर्यंत जगला. त्या काळच्या हॉस्पिटलचा जुना भाग कॉलेज स्ट्रीटवर अजून उभा आहे, माझ्या रोजच्या वाटेवर.

पेटंटचे हक्क बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. १९२३ चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळालं. बँटिंगने आपली अर्धी रक्कम बेस्टला दिली, मॅक्लिऑडनी कॉलिपला.

माझी आई एकोणीस वर्षं इन्शुलिनवर होती. सोलापूरचा मे महिना तुम्हाला ठाऊक असेल, त्यात लोडशेडिंग. फ्रीजचा भरवसा नसायचा. मग आई बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून, छोट्या मडक्यात गार पाण्यात सोडायची आणि मडकं देवघराच्या कोपऱ्यात ठेवायची, कारण घरातली सगळ्यात थंड फरशी तिथली. संध्याकाळी दिवा लावला की आधी पाणी बदलायचं, मग शुभंकरोती. ती बाटली कोणामुळे आपल्या घरात आली हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मला ते इथे आल्यावर कळलं, तोवर आई गेली होती. बँटिंगचा वाढदिवस १४ नोव्हेंबर. म्हणूनच जागतिक मधुमेह दिन त्या दिवशी असतो. आपल्याकडे तो दिवस बालदिनात झाकला जातो.

आता दुसरा, बेथून. हा पाळकाचा मुलगा, तापट आणि अस्वस्थ. शिक्षण मध्येच सोडून लाकूडतोड्यांच्या वस्तीत शिकवायला गेला, युद्ध सुरू झाल्यावर स्ट्रेचर उचलायला फौजेत गेला, १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रला जखमी होऊन परत आला आणि मग पदवी पुरी केली. १९२६ मध्ये त्याला क्षय झाला. सॅनिटोरियममध्ये पडल्या पडल्या त्याने फुप्फुस दाबून ठेवण्याच्या तेव्हाच्या नव्या उपचाराबद्दल वाचलं आणि तो आपल्यावर करा म्हणून हट्ट धरला. बरा झाल्यावर माँट्रियलमध्ये छातीचा सर्जन झाला, शस्त्रक्रियेची हत्यारं स्वतः तयार केली. फासळ्या कापायची त्याची कात्री त्याच्याच नावाने ओळखली जाते. क्षय हा गरिबीचा रोग आहे आणि सरकारने सगळ्यांना उपचार द्यावेत, हे तो १९३० च्या दशकात उघड बोलत होता. १९३६ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात माद्रिदला जाऊन त्याने रक्त बाटल्यांत साठवून गाडीने थेट आघाडीवर पोचवायची सोय उभी केली. १९३८ मध्ये तो चीनला गेला, जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्यांबरोबर. डोंगराळ खेड्यांतून, घोड्या-खेचरांवर सामान लादून ऑपरेशनं केली. हातमोजे नव्हते. ऑपरेशन करताना बोट कापलं, विष रक्तात भिनलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला तो गेला.

आता इथे आमचं सोलापूर येतं. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्येच भारताच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले होते. पाच डॉक्टरांचं पथक, त्यात नागपूरचे डॉक्टर चोळकरही होते. बेथूनच्या मृत्यूनंतर कोटणीस त्याच भागात काम करायला पोचले आणि बेथूनच्या नावाने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते १९४१ मध्ये पहिले संचालक झाले. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेही तिथेच गेले. चीनमधल्या शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत या दोघांच्याही समाध्या आहेत.

शाळेत आम्हाला कोटणीसांबद्दल दरवर्षी सांगायचे, पण बेथूनचं नाव मी तिथे ऐकलं नव्हतं. २०१४ पासून इथल्या मेडिकल सायन्सेस बिल्डिंगजवळ त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा पाटीवरचं नाव वाचून मी तिथेच बाकावर बसले आणि भावाला सोलापूरला फोन लावला. त्याच्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते.

या दोघांवरच माझं अर्धं उत्तर गेलं, पण मला त्याचं वाईट वाटत नाही.

वॉल्टर कोन यांची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. व्हिएन्नातला ज्यू मुलगा, १९३९ मध्ये नाझींपासून वाचवून इंग्लंडला पाठवलेला. तिथे 'शत्रूदेशाचा नागरिक' म्हणून पकडला आणि १९४० मध्ये कॅनडाच्या छावणीत धाडला. सुटल्यावर टोरंटोच्या एका कुटुंबाने आसरा दिला आणि तो इथे शिकायला लागला. पण रसायनशास्त्राच्या इमारतीत युद्धाचं काम चालू होतं, आणि त्याचं नागरिकत्व बघून त्याला तिथे पाय ठेवायला मनाई केली. मग तो गणित आणि पदार्थविज्ञान शिकला. १९९८ मध्ये त्याला नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं! रेणूंची आणि धातूंची गणितं ज्या पद्धतीने आज जगभर कॉम्प्युटरवर सोडवतात, त्या घनता-फलन सिद्धांताचा पाया त्याने घातला. त्याचे आईवडील नाझींच्या ऑशविट्झ छावणीत मारले गेले होते. तुमची भाची सायन्सची असेल तर तिला हे नाव कधी ना कधी भेटणारच.

ती इंजिनिअरिंगची असेल तर एल्सी मॅकगिल यांचं नाव सांगा. १९२७ मध्ये इथून इलेक्ट्रिकलची पदवी घेतली, ती मिळवणाऱ्या त्या कॅनडातल्या पहिल्या स्त्री. पुढे मिशिगनला विमानविद्येत मास्टर्स करताना परीक्षेच्या तोंडावर पोलिओने गाठलं, तर पेपर हॉस्पिटलमधल्या खाटेवर लिहिले. दोन काठ्यांच्या आधाराने पुन्हा चालायला शिकल्या. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या एका कारखान्यात त्यांच्या देखरेखीखाली चौदाशेहून जास्त हरिकेन लढाऊ विमानं तयार झाली. बर्फावर उतरण्यासाठी चाकांऐवजी स्की लावलेलं हरिकेन त्यांनीच तयार करवलं. १९६७ मध्ये कॅनडा सरकारने स्त्रियांच्या स्थितीवर आयोग नेमला, त्यातही त्या होत्या.

कॉम्प्युटरची असेल तर ब्रायन कर्निहॅन. १९६४ ची इथली इंजिनिअरिंगची पदवी. आपल्याकडे सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाने पहिला प्रोग्रॅम म्हणून 'हेलो, वर्ल्ड' छापलेलं असतं. ती प्रथा पाडणारा हाच. अलीकडच्यांत इल्या सुत्स्केव्हर आणि ॲलेक्स क्रिझेव्स्की. २०१२ मध्ये त्यांनी आपले प्राध्यापक जेफ्री हिंटन यांच्याबरोबर फोटो ओळखणारी जी प्रणाली केली, तिथून आजच्या एआयची लाट उठली. हिंटन यांना २०२४ मध्ये पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. इथे एक सांगून ठेवते: हिंटन आणि मॅक्लिऑड इथले शिक्षक, विद्यार्थी नव्हेत. नेटवरच्या याद्यांमध्ये ही सरमिसळ सर्रास असते, तेव्हा नाव सांगण्यापूर्वी तेवढं बघून घ्या.

राजकारणात लेस्टर पिअरसन. सुएझच्या पेचात संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना उभी करण्यासाठी १९५७ चं शांततेचं नोबेल, पुढे कॅनडाचे पंतप्रधान. कॅनडाचा लाल पानाचा आजचा झेंडा त्यांच्याच कारकिर्दीत आला.

लेखकांमध्ये मार्गारेट ॲटवुड इथल्याच, १९६१ च्या. पण तुमच्या घरच्यांना रोहिंटन मिस्त्री जास्त जवळचे वाटतील. मुंबईचे पारशी, झेवियर्सला गणित-अर्थशास्त्र शिकून १९७५ मध्ये टोरंटोत आले आणि बँकेत नोकरीला लागले. नोकरी सांभाळून इथे इंग्रजी आणि तत्त्वज्ञान शिकायला लागले. विद्यापीठाच्या हार्ट हाऊसच्या कथास्पर्धेत १९८३ आणि १९८४ अशी लागोपाठ दोन वर्षं बक्षीस मिळालं, तिथून ते लेखक झाले. तिन्ही कादंबऱ्या बुकरच्या अंतिम यादीत गेल्या, आणि लिहिलं ते बहुतेक मुंबईबद्दल. बँकेतून थकून येऊन संध्याकाळी वर्गात बसणाऱ्या त्या माणसाचं मला फार कौतुक वाटतं. इथे नव्याने आलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणांचा दिवस असाच जातो.

भाचीला एवढं मात्र सांगा की जागा अफाट मोठी आहे. पहिल्या वर्षाचे काही तास कॉन्व्होकेशन हॉलमध्ये हजारावर मुलांबरोबर बसून ऐकावे लागतात, प्राध्यापकांना नाव माहीत असेल ही अपेक्षा धरू नये, त्यांच्या ऑफिसच्या वेळेत आपणहून जाऊन भेटावं.

आणि ती इथे आली की सेंट जॉर्ज स्ट्रीटवरच्या फिशर दुर्मिळ ग्रंथालयात तिला जरूर पाठवा. बँटिंग आणि बेस्ट यांचे कागद तिथे जपलेले आहेत. बरेचसे नेटवरही ठेवलेत, म्हणजे तुम्ही घरबसल्या पाहू शकता. त्यात टेडी रायडर नावाच्या मुलाचं पत्र आहे. १९२२ मध्ये त्याला अमेरिकेतून टोरंटोला आणलं तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि वजन जेमतेम बारा किलो. वर्षभराने त्याने पेन्सिलने, मोठ्या अक्षरांत डॉक्टर बँटिंगना लिहिलंय की तुम्ही मला भेटायला या, मी आता जाडा झालोय, मला छान वाटतंय आणि मला झाडावर चढता येतं. टेडी पुढे सत्तर वर्षं इन्शुलिन घेऊन जगला, १९९३ पर्यंत.