पदकाच्या कडेवरचं नाव खरं कशावरून?

प्रश्न : माझ्याकडे 1908 च्या मालिकेतलं इंडिया जनरल सर्व्हिस मेडल, म्हणजे ब्रिटिश काळातल्या मोहिमांसाठी सैनिकांना दिलेलं पदक आहे. त्यावर 'नॉर्थ वेस्ट फ्रंटियर 1935' हा एकच क्लास्प (मोहिमेचं नाव असलेली फितीवरची धातूची पट्टी) आहे. कडेवर मराठा पलटणीतल्या शिपायाचं नाव आहे. नाव नंतर कोरलेलं नाही, हे कसं ओळखावं?

उत्तर : आधी दर्शनी, म्हणजे राजाचं चित्र असलेली बाजू वाचा. 1935 च्या क्लास्पचं पदक पंचम जॉर्जच्या शेवटच्या प्रकारातलं हवं. चित्राभोवतीच्या लेखात 'इंडिए इंप' ही अक्षरं येतात. त्याआधीचा राजा सातवा एडवर्ड याचं चित्र असलेलं पदक 1908 च्या मोहिमेसाठी होतं. त्यावर एकटा 1935 चा क्लास्प असेल, तर जोड नंतरची आहे.

मग कड. पदकाचा व्यास साधारण 36 मिमी असतो. डिजिटल व्हर्नियरने (बारीक मापं घेणाऱ्या मोजपट्टीने) तो तीन-चार दिशांनी मोजा. जुनं नाव कानसून काढलं असेल, तर नावाच्या पट्ट्यात व्यास थोडा कमी भरतो आणि चेहऱ्याभोवतीची उंच किनार तिथेच बारीक दिसते. फसवणूक सर्वांत जास्त इथेच पकडली जाते, म्हणून घाई करू नका. 10 पट भिंगाखाली अक्षरं तिरक्या उजेडात बघा. अधिकृत नाव ठशाने उमटवलेलं असेल, तर अक्षराच्या कडेला धातू किंचित दबलेला, सरकलेला दिसतो. चेहरा झिजलेला आणि अक्षरं मात्र धारदार, असं असेल तर शंका घ्या. पण वळणदार कोरीव अक्षरं दिसली म्हणून पदक लगेच बाद करू नका; 1908 आणि आबोर 1911-12 या मोहिमांच्या पदकांवर ती नेहमीची आहेत. तुमच्या 1935 च्या पदकावर मात्र ती असतील, तर खुलासा हवा.

पलटणीचं नाव तारखेशी पडताळा. 110 मराठा, 117 मराठा ही नावं 1922 च्या फेररचनेत गेली आणि त्या पलटणी 5 मराठा लाइट इन्फंट्रीत आल्या. त्यामुळे 1935 च्या पदकावर '110 मराठा' असेल, तर नाव आणि पदक एकमेकांचे नाहीत.

प्रश्न : पदकाचा पंजा (पदकाला वरच्या कडीशी पकडणारा भाग) माझ्या मित्राच्या पदकापेक्षा साधा आहे. माझं बनावट आहे का?

उत्तर : तेवढ्यावरून नाही. ही पदकं लंडन आणि कलकत्ता अशा दोन टाकसाळींत पाडली गेली. लंडनचा पंजा नक्षीदार असतो, कलकत्त्याचा साधा नि ठसठशीत. पंजाच्या सांध्यात राखाडी डाख (जोडकामाचा धातू) दिसत असेल, पदक सस्पेंडरला, म्हणजे फीत ओवायच्या दांडीला डगडगत असेल, तर दुरुस्ती झाली आहे. दुरुस्ती म्हणजे बनावट नव्हे, पण किंमत उतरते आणि विकताना ती सांगायलाच हवी.

प्रश्न : दोन क्लास्प असलेल्या पदकाचे रिव्हेट (क्लास्प जोडणाऱ्या छोट्या खिळ्या) वेगवेगळे आहेत. ते खोटं आहे का?

उत्तर : जुना क्लास्प खाली, पदकाजवळ असतो, नवा वर चढतो. दुसरा क्लास्प सैनिकाला पुढे कधीतरी सुटा मिळे आणि तो सोनाराकडून बसवून घेई, म्हणून वेगळे रिव्हेट एवढ्याने पदक खोटं ठरत नाही. निर्णय मेडल रोलवर, म्हणजे पदक मिळालेल्यांच्या अधिकृत यादीवर सोडा. लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात मोहिमांच्या पदकांच्या बऱ्याच याद्या डब्ल्यूओ 100 या मालिकेत आहेत; ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची कागदपत्रंही शोधावीत.

प्रश्न : चांदी काळी पडली आहे, पॉलिश करू का?

उत्तर : नको. पॉलिशने कडेवरची अक्षरं झिजतात आणि वरचा सगळा पुरावा त्या अक्षरांतच आहे. फीत काढून पदक डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून धुवा, टिपून कोरडं करा. पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात मात्र ठेवू नका. त्यातून चिकट हिरवा थर चढतो.