दवाखान्यात बसून संशोधन होतं का?

ताई, नमस्कार.

तुमचा मुलगा गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, इंटर्नशिप करतोय. रेडिओलॉजीचा नाद सोडून तो म्हणतो, ‘फॅमिली मेडिसिन करणार, बाबांच्या दवाखान्यात बसणार आणि संशोधनही करणार.’ तुम्ही विचारता, डिचोलीच्या दवाखान्यात सर्दी-खोकला, बीपी, शुगर यापलीकडे येतं काय, की त्यावर संशोधन करावं?

सर्दी-खोकलाच घेऊ. लोकांना वाटतं, खोकला आठवड्याभरात थांबायला हवा. 2013 साली अमेरिकेत जुन्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा सरासरी निघाली जवळजवळ 18 दिवस. म्हणजे आठव्या दिवशी पेशंट घाबरून परत येतो आणि अँटिबायोटिक घेऊन जातो, ते बऱ्याचदा गरज नसताना. यावर एक साधा उपाय तपासला गेलाय: चिठ्ठी द्यायची, पण सांगायचं की दोन-तीन दिवस थांबा, उतार पडला नाही तरच औषध आणा. जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या ‘कोक्रेन’ संस्थेच्या 2017 च्या आढाव्यात, औषध लगेच दिलेल्यांपैकी 93 टक्के लोकांनी अँटिबायोटिक घेतलं, थांबायला सांगितलेल्यांपैकी 31 टक्के. समाधानात मात्र फारसा फरक नव्हता. आता हे डिचोलीत चालेल का? इथला पेशंट थांबेल, की सरळ फार्मसी गाठेल? याचं उत्तर बांबोळीच्या वॉर्डात मिळणार नाही. ते तुमच्या यजमानांच्या केसपेपरांतच मिळेल.

गोव्यात असं काम झालेलंही आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या मंडळींनी 12 सरकारी आरोग्य केंद्रं आणि 12 खासगी दवाखाने निवडले आणि त्यांतल्या निम्म्या ठिकाणी नैराश्य व चिंतेच्या रुग्णांना प्रशिक्षित समुपदेशकांची मदत देऊन पाहिली. 2010 मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांत बरे होणाऱ्यांचं प्रमाण समुपदेशक नव्हते तिथे 42.5 टक्के, तर होते तिथे 65.9 टक्के निघालं. खासगी दवाखान्यांत फरक दिसला नाही, कारण तिथे समुपदेशकाशिवायही तेवढेच लोक बरे होत होते. वर्षानुवर्षं घर ओळखणारा डॉक्टर हे त्यामागचं कारण असावं, असं मला वाटतं. तुमच्या यजमानांच्या कामाची किंमत मी तरी त्यावरून करतो.

मार्ग असा: ‘नीट पीजी’ या प्रवेश परीक्षेतून फॅमिली मेडिसिनचं डीएनबी, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पदवी, तीन वर्षं. त्यात प्रबंध असतो, म्हणजे संशोधनाची शिस्त लागतेच. याच मंडळाचा दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे, पण मुलाचा कल पाहता मी डीएनबीच सुचवेन. कमाई रेडिओलॉजीइतकी होणार नाही, हे त्याला आधीच स्पष्ट सांगा. चालता दवाखाना हाताशी आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू.

त्याआधी एक काम त्याला द्या. बाबांच्या संमतीने बीपीचे शेवटचे शंभर केसपेपर काढावेत. शेवटच्या भेटीत बीपी लिहिलंय का? 140/90 च्या खाली आहे का? नसेल तर औषध बदललं का? नावं न उतरवता आकडे वहीत घ्यावेत, बाबांसोबत बसून एकच सुधारणा ठरवावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावं. आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) उपचाराचे तक्ते मोफत मिळतात, तेही जवळ ठेवावेत. (पुढे छापायचं ठरलं, तर नैतिक समितीची परवानगी सुरुवातीलाच घ्यावी लागते.)

तीन महिन्यांनीही तो त्या वहीत रमलेला दिसला, तर रेडिओलॉजीचा आग्रह धरू नका. कंटाळला, तर मला पुन्हा लिहा, दुसरा विचार करू.